गमबूट घेतले, मोजे विसरू नका

दारव्ह्याच्या बाजारातून कार्तिकात हे काळे गमबूट घेतले. नंबर 8, साडेचारशे रुपये. आमच्याकडे शेतीची लाइन बहुतेक रातच्यालाच येते, म्हणून हरभऱ्याचं ओलीत बारानंतर. काळ्या मातीत चप्पल पहिल्याच सऱ्यात रुतून राहते, अन् धुऱ्यावर साप कधी भेटेल याचा नेम नाही. तेव्हा गमबूट पाहिजेच.

तळ दणकट आहे. पऱ्हाटीच्या धसकटावर पाय पडला, काही लागलं नाही. पाणी पिंडरीपर्यंत चढलं तरी आत थेंब नाही. पण दोन तासांनी पायाचाच घाम साचतो. पहाटे मोजा काढला तर पिळता येतो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, वॉटरप्रूफ आहे." मी म्हटलं, हो, दोन्हीकडून.

मी सतरा वर्षं फौजेत होतो, ट्रेनिंग कामठीला. आमचे उस्ताद संध्याकाळी बूट काढायला लावून बोटांच्या बेचक्या बघायचे. तेव्हा राग यायचा. मग ते पहिल्या महायुद्धातलं, 1914 च्या फ्रान्सचं सांगायचे. आपली पलटणं ऑक्टोबरात तिथं मोर्च्यात, म्हणजे खंदकात, गेली तेव्हा अंगावर उन्हाळी खाकी होती. खाली गुडघाभर चिखल, रात्रंदिवस त्यातच उभं राहायचं. त्या एका हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत वीसेक हजार जणांचे पाय गेल्यागत झाले. बर्फ लागतोच असं नाही; नुसता ओला गारठा तासन्‌तास राहिला की रक्त पायापर्यंत पोचत नाही. आधी बधिर होतात, मग सुजतात, काळेनिळे पडतात, सडले तर कापावे लागतात. पिंडरीला आवळून बांधलेली पट्टी भिजून आणखी आवळायची, त्यानं भर पडायची. पुढे रबरी बूटही दिले गेले, पण खरा फरक पडला तो रोज मोजे बदलण्यानं आणि देवमाशाचं तेल चोळण्यानं. जोडीजोडीनं एकमेकांचे पाय तपासायचे. दुसऱ्याचा पाय हातात घ्यायला लाज वाटायची म्हणे, पण हुकूम होता.

2002 च्या जानेवारीत, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर नेली त्या ऑपरेशन पराक्रममध्ये, तिथल्या मोर्च्यात आम्हीही तेच केलं. आमच्याकडे तेल होतं सरसोंचं. माझा जोडीदार केरळचा, त्याला त्या वासानंच मळमळायचं.

आता जवसाचं तेल लावतो. मोज्यांची दुसरी जोडी शिदोरीच्या फडक्यात बांधून नेतो, पुतण्या हसतो, "काका, भाकरीला मोज्याचा वास येते." येऊ दे. मोटार चालू करताना एक जोडी, मध्ये चहाच्या वेळी दुसरी. वरची कड पिंडरीला काचत होती, ती विळ्यानं बोटभर कापून घेतली.

तक्रार एकच मोठी. डावा बूट घोट्याच्या घडीला दोन महिन्यांत चिरला. ट्यूबचं ठिगळ लावलं, तिसऱ्या रात्री निघालं. दुकानदार म्हणतो, गॅरंटी नाही. मग विकताना "पाच वर्षं हलत नाही" कशाला म्हणाला?

पाचपैकी तीन तारे. घ्यायचे असतील तर नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठा घ्या, जाड मोजा आत बसला पाहिजे. मोजे मात्र त्या दुकानात मिळत नाहीत, बसस्टँडजवळच्या हातगाडीवर बघा.