हिलरी की ओबामा: २००८ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी

प्रायमरी म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी लढत. २००८ च्या या लढतीत अनुभवात हिलरी क्लिंटन बराक ओबामांपेक्षा उजव्या होत्या. २००१ पासून न्यूयॉर्कच्या सिनेटर, त्याआधी आठ वर्षं अध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये. आरोग्य विम्याची योजनाही मला त्यांचीच पक्की वाटते: विमा सगळ्यांना सक्तीचा. ओबामांनी ती सक्ती फक्त मुलांपुरती ठेवली होती.

पण इराकचं काय? ऑक्टोबर २००२ मध्ये हिलरींनी बुश यांना युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात ओबामा शिकागोत त्या युद्धाविरुद्ध जाहीर बोलले. (ते तेव्हा इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये होते, मत द्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं.) माझ्या लेखी हाच मुद्दा सगळ्यात जड.

निकाल मात्र फिरवला गणिताने. डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात मिळतात, त्यामुळे मोठं राज्य थोडक्या फरकाने जिंकून फारसं हाती लागत नाही. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सी जिंकून हिलरींना ११ डेलिगेटांची आघाडी मिळाली. ओबामांनी छोट्याशा आयडाहोच्या कॉकसमधून (मतदारांनी सभेला जमून उमेदवार निवडायची पद्धत) १२ ची काढली. अशी राज्यं त्यांच्या कार्यकर्त्यांनी आधीच बांधून ठेवली होती. कॅलिफोर्निया, ओहायो, पेनसिल्व्हेनिया जिंकूनही हिलरींनी ७ जूनला माघार घेतली.