वर्गात शिकवणाऱ्यांना आधार देणारी संघटना
इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स ही १९६८ मध्ये स्थापन झालेली संघटना मुळात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे मानसिक त्रासाचे निदान आणि उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची असली, तरी चिकित्सा मानसशास्त्र हा विषय विद्यापीठात शिकवताना मला तिचा मोठा आधार वाटतो. तिच्या अधिवेशनातल्या एका कार्यशाळेत, ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ हा प्रश्न रुग्णाला आडवळण न घेता, पण मायेने कसा विचारावा, याचा सराव आम्ही शिक्षकांनीच जोड्या करून केला. पहिल्या खेपेला माझा आवाज अडखळला, आणि तेव्हापासून हाच सराव मी वर्गात आवर्जून घेते. संघटनेच्या ‘इंडियन जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी’तले लेखही अध्यापनात उपयोगी पडतात. मराठी बोलणाऱ्या रुग्णांची उदाहरणे मात्र आपली आपणच जमवावी लागतात. त्यासाठी महाराष्ट्रातल्या शिक्षकांचा एक छोटा गट व्हावा, असे मनापासून वाटते.