पर्सोना ५ रॉयल : शेवटच्या सत्रापर्यंत खेळून झाल्यावर

‘पर्सोना ५ रॉयल’ हा जपानी व्हिडिओ गेम एकदा पुरा झाला, जादा सत्रासकट. शंभर तासांचा टप्पा केव्हाच मागे पडला आणि आता न्यू गेम प्लस, म्हणजे आधीची कमाई सोबत घेऊन दुसरी फेरी, चालू आहे. मूळ ‘पर्सोना ५’ जपानमध्ये २०१६ साली आला, ‘रॉयल’ ही त्याची वाढीव आवृत्ती २०१९ साली, आणि पीसीवर ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पोचली. मी पीसीवरच खेळले. फार तगडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि आधी वेगळे विकत घ्यावे लागणारे डीएलसी (जादा डाउनलोडचे) पर्सोना, म्हणजे लढाईत बोलावायच्या शक्ती, यात सोबतच येतात.

एका बाईशी दांडगाई करणाऱ्या दारुड्याला एक शाळकरी मुलगा अडवतो. तो माणूस बडा निघतो, गुन्हा मुलाच्याच गळ्यात पडतो आणि वर्षभराच्या प्रोबेशनवर त्याला टोकियोला धाडलं जातं. राहायला योंगेनजायाच्या एका गल्लीत, लब्लां नावाच्या छोट्या कॅफेचा माळा. (ही वस्ती खऱ्या सांगेनजायावरून रचलेली आहे.) नव्या शाळेत कामोशिदा नावाचा व्हॉलीबॉलचा मास्तर, माजी ऑलिंपिकपटू. पोरांना बडवतो, मुलींच्या वाटेला जातो. शाळेला सगळं ठाऊक, आणि सगळे गप्प. मग आपला नायक आणि त्याचे मित्र कामोशिदाच्या मनातल्या ‘महाला’त शिरून त्याच्या हावेचं मूळच चोरून आणायचं ठरवतात. पहिल्या दहा-बारा तासांतला हा भाग इतका घट्ट बांधलाय की पुढे गेम कुठे सैल पडला तर ते लगेच जाणवतं.

माझ्या मते या गेमचा जीव त्याच्या कॅलेंडरमध्ये आहे. एप्रिलपासून एकेक दिवस पुढे सरकतो. दिवसाला एक दुपार, एक रात्र. एक काम केलं की तो वेळ खर्ची पडला. कामोशिदाचा महाल २ मेच्या आत उरकायचा, नाहीतर शाळेतून हकालपट्टी. आणि त्याच दिवसांत अभ्यास, नोकरी, मैत्री, सगळं बसवायचं.

उदाहरणार्थ योशिदा. शिबुया स्टेशनसमोरच्या चौकात एक प्रौढ माणूस भाषण करत उभा असतो. जुना राजकारणी, नावाला जुन्या प्रकरणाचा डाग, निवडणुकीमागून निवडणूक हरलेला. येणारे-जाणारे टोमणे मारतात. त्याच्याशी ओळख व्हायला आधी एका बीफ-राइसच्या टपरीवजा हॉटेलात रात्रीची नोकरी धरावी लागते, आणि तो भेटतो फक्त रविवारी रात्री. म्हणजे त्याच्यासाठी दिलेला रविवार दुसऱ्या कुणाच्या वाटणीतून काढलेला. त्याच्याकडून बोलायला शिकलं की महालातल्या शत्रूंशी वाटाघाटी करताना फायदा होतो, हे खरं. पण सातव्या-आठव्या भेटीपर्यंत मला त्या फायद्याची आठवणही राहिली नव्हती; त्याचं भाषण या वेळी तरी लोक ऐकतील का, एवढंच डोक्यात होतं. घासाघीस करून वेळ द्यावा लागतो म्हणून ही माणसं जवळची वाटतात. वेळ फुकट असता तर हीच पात्रं मी भराभर उरकली असती.

शाळेचा पहिला दिवसही मला फार आवडला. नायकाला शिबुयात गाडी बदलून गिन्झा लाइन शोधायची असते आणि जिने, बोगदे, पाट्या यांत तो भरकटतो. दादरला पहिल्यांदा उतरून सेंट्रलवरून वेस्टर्नला जाऊ पाहणाऱ्याची जी अवस्था होते तीच. थोड्या दिवसांनी तोच रस्ता आपण न बघता चालायला लागतो. शहर असं अंगवळणी पाडणारे गेम मी फार पाहिलेले नाहीत.

लढाई टर्नवर, म्हणजे आळीपाळीने चाल करत, चालते. शत्रूचा कच्चा दुवा सापडला की तो आडवा पडतो आणि आपल्याला जादा चाल मिळते; ती बॅटन पासने साथीदाराला दिली की त्याचा मार वाढतो; सगळे आडवे झाले की एकदम हल्ला. ‘रॉयल’मध्ये बॅटन पास सुरुवातीपासून मिळतो, बंदुकीच्या गोळ्याही दर लढाईला भरून येतात, त्यामुळे मूळ आवृत्तीपेक्षा लढाई बरीच चपळ झाली आहे. मात्र नायक पडला की खेळ खलास, बाकीचे तिघे धडधाकट उभे असले तरी. एखाद्या झटपट-मृत्यूच्या मंत्राने नायक गेला की फार चीड येते, आणि या नियमाचं समर्थन मला अजून करता आलेलं नाही.

पर्सोना म्हणजे जगभरच्या पुराणांतले देव, राक्षस, वीर. आपलेही भरपूर आहेत: पार्वती, सरस्वती, लक्ष्मी, हनुमान, गणेश, काली, विष्णू. शिव मिळवायचा तर बालीचे रांगदा आणि बारोंग एकत्र करावे लागतात. हे एकत्र करणं व्हेल्वेट रूम नावाच्या तुरुंगात होतं आणि त्याची पद्धत आहे गिलोटिन. निळ्या कापडात गुंडाळलेले दोन पर्सोना पात्याखाली, आणि पातं पडलं की नवा जन्माला येतो. मालिका सगळ्याच धर्मांच्या दैवतांना एका मापाने वापरते, द्वेष कुठेच नाही. तरी दर भाद्रपदात घरी मूर्ती बसते, त्यामुळे गणेशाला तिथे पाठवताना माझा हात थांबला. मी त्याला शेवटपर्यंत तसाच ठेवला. घरातली मोठी माणसं खोलीत असतील तर हा भाग जरा सांभाळून खेळा.

शोजी मेगुरोचं संगीत आणि लिन या गायिकेचा आवाज यांबद्दल एवढंच सांगते की पावसाळी रात्री कॅफेत वाजणारी धून मी गेम बंद करूनही ऐकत असते. चित्रकार सोएजिमाने रेखाटलेली पात्रं, लाल-काळे मेनू, दुकानाची यादी उघडतानाची लकब, सगळं एका हातचं वाटतं.

आता दुखणी. हा गेम खेळाडूवर विश्वास ठेवत नाही. एखादी गोष्ट आधी प्रसंगात कळते, मग पात्रं तीच आपसात बोलतात, मग रात्री मोबाइलवरच्या गप्पांत तीच पुन्हा. संवादांचा डोंगर आहे आणि एकही भारतीय भाषा नाही, तेव्हा इंग्रजी भरभर वाचायची सवय नसेल तर दमछाक होईल. वर मोर्गाना हे मांजर ‘आज दमलास, झोप’ म्हणत कितीतरी रात्री खाऊन टाकतं. ज्या गेमचं सगळं मोल वेळ वाटून देण्यात आहे, त्यानेच वेळ हिसकावणं मला खटकलं. वर्गशिक्षिका कावाकामीशी ओळख वाढवत नेली तर महालातून आल्यावरही रात्र मोकळी मिळते; तिला आधी गाठा.

ओकुमुरा या उद्योगपतीचा महाल कंटाळवाणा आहे. अंतराळ स्थानकातल्या हवाबंद दारांचा चक्रव्यूह, आणि शेवटी तीस मिनिटांची मुदत घालून रोबोंच्या लाटा. एक लाट दोन टर्नमध्ये पुरती संपवली नाही तर उरलेले पळतात आणि ताजे येतात. त्याची मुलगी हारू गटात इतक्या उशिरा येते की तिची बाजू ऐकायला वेळच उरत नाही. हे नुकसान मोठं आहे, कारण बापाच्या धंद्यात मोहरा म्हणून वापरली जाणारी ही मुलगी गटातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या पात्रांपैकी एक आहे.

सर्वांत जास्त राग आला तो नायकाच्या वर्गातल्या, गटातल्याच अ‍ॅनच्या बाबतीत. कामोशिदाने तिला किती छळलं हे गेम गांभीर्याने, धीटपणे दाखवतो. आणि पुढच्याच प्रकरणात एका चित्रकारासमोर तिने नग्न बसावं यावरून तिचे स्वतःचे मित्र तिला पुढे ढकलतात, आणि तो विनोद म्हणून मांडलेला आहे. कॅमेराही तिच्याकडे कामोशिदाच्याच नजरेने बघत राहतो. मुलींचा त्रास कुणी ऐकून घेत नाही, ही ज्याची मूळ तक्रार, त्या गेमला हे शोभत नाही.

तरीही जानेवारीतलं जादा सत्र सगळं लिखाण एका पायरीने वर नेतं. कथा फोडत नाही. समोर उभा राहणारा माणूस दुष्ट नाही, त्याला सगळ्यांची दुःखं पुसून टाकायची आहेत, एवढंच सांगते. त्याला ‘नाही’ म्हणताना मी खरंच बराच वेळ विचार केला. दुर्दैवाने हा भाग अटींच्या कुलपात आहे. शाळेचा समुपदेशक मारुकी याच्याशी मैत्री १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या रँकला न्यावी लागते, आणि गेम हे धडपणे सांगत नाही.

तेव्हा नव्याने सुरू करणाऱ्यांनी डीएलसी पर्सोना पहिल्या फेरीत हात न लावता ठेवा, सुरुवातीची सगळी चुरस त्यांनी जाते. अवघड पातळी म्हणून थेट मर्सिलेस निवडू नका; तिथे कच्च्या दुव्यावरचा मार इतका वाढतो की पुढे हार्डपेक्षा ती सोपी पडते. डॉक्टर ताकेमीशी ओळख वाढवून तिच्याकडच्या एसपीच्या (मंत्रांना लागणारी शक्ती भरून देणाऱ्या) पट्ट्या घेतल्या तर महाल एका दमात उरकतो आणि चार-पाच दिवस वाचतात. आणि ऑक्टोबर संपायच्या आत मारुकीची रँक एकदा तपासून घ्या.