कॅशियरच्या नजरेतून 'इट्स अ वंडरफुल लाइफ': दोन डिस्कचा संच

हा 1946 सालचा कृष्णधवल सिनेमा इंटरनेटवर फुकट सापडतो, मग डीव्हीडी कशाला घ्यायची, असं माझ्या मुलानेच विचारलं. फुकट का सापडतो त्यालाही कारण आहे. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार 28 वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. 1974 साली ते कोणी केलंच नाही. मग काय, तिथल्या टीव्ही केंद्रांनी दर नाताळात पैसे न मोजता हा सिनेमा दाखवायचा सपाटा लावला. प्रदर्शनाच्या वेळी खर्चही न काढलेला सिनेमा असा घराघरात पोचला. 1993 साली मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांवरून तो पुन्हा ताब्यात घेतला गेला, पण तोवर कॉपीची कॉपी काढलेल्या प्रिंट जगभर पांगल्या होत्या. फुकटात मिळते ती बहुधा त्यातलीच. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग, आवाजात खरखर.

भाचा अमेरिकेहून हा दोन डिस्कचा संच घेऊन आला. एकीवर मूळ कृष्णधवल, दुसरीवर नंतर रंगवलेली आवृत्ती. आधी व्यवहाराचं सांगतो: डीव्हीडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा क्रमांक असतो, त्याला रीजन म्हणतात. तिकडच्या डीव्हीडीवर रीजन 1 असतं, आपल्याकडे रीजन 5. आमचा जुना प्लेअर सगळं गिळतो म्हणून निभावलं. तुमचा नखरेल असेल तर आधी तपासा. इंग्रजी सबटायटल्स आहेत, हिंदी-मराठी नाहीत. घरात अमळनेरकडची आत्या होती, तिला इंग्रजीचा गंध नाही. नात मध्ये मध्ये थांबवून सांगत होती, पण अर्ध्या तासानंतर आत्यानेच तिला गप्प केलं. व्हीलचेअरवरचा पॉटर, म्हणजे सिनेमातला पैसेवाला खलनायक, दिसला की ती म्हणायची, "हाऊ म्हातारा ते आपला सावकारना मायक दिखस!" (हा म्हातारा तर आपल्या सावकारासारखा दिसतो!) पॉटर झालेल्या लायोनेल बॅरिमोरच्या कामाला यापेक्षा मोठी दाद कुठली असेल?

भुसावळला नाताळ परका नाही. रेल्वेमुळे ख्रिस्ती वस्ती जुनी, डिसेंबरात त्या बाजूच्या घरांवर कागदी चांदण्या लागतात. पण मला हा सिनेमा नाताळचा वाटलाच नाही. देवदूत आहे, घंटा आहे, बर्फ आहे, सगळं कबूल. तरी हा सिनेमा पतसंस्थेचा आहे. जॉर्ज बेली, म्हणजे जेम्स स्टुअर्ट, वडिलांच्या पश्चात जी 'बिल्डिंग अँड लोन' चालवतो, तिथे गावकऱ्यांनी शेअर आणि ठेवी ठेवायच्या आणि त्यातूनच एकमेकांना घरासाठी कर्ज द्यायचं. मी उभी नोकरी पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर काढली. त्यामुळे इतरांनी देवदूताकडे बघितलं, मी रोकड मोजत बसलो.

सगळ्यात जास्त वेळा मागे नेऊन पाहिला तो ठेवीदारांच्या धावपळीचा प्रसंग. मंदीचा काळ. बँकेने बेलींच्या संस्थेचं कर्ज एकदम परत मागितलेलं, तिजोरी रिकामी, आणि जॉर्ज नुकताच लग्न लावून मधुचंद्राला निघालेला. दारात भर पावसात गर्दी. तिकडे पॉटर निरोप पाठवतो की शंभर डॉलरचा शेअर आणा, पन्नास रोख घेऊन जा. जॉर्ज काउंटरवरून लोकांना समजावतो की तुमचे पैसे इथे पेटीत नसतात, ते याच्या घरात आहेत, त्याच्या घरात आहेत. सहकार खात्याच्या प्रशिक्षणात आम्हाला जे तीन दिवसांत कोणी पटवू शकलं नाही, ते इथे दोन मिनिटांत होतं. पण भाषणाने भुकेल्याचं पोट भरत नाही, हेही दिग्दर्शक फ्रँक काप्राला ठाऊक आहे. एक जण अडूनच बसतो: माझे 242 डॉलर पूर्ण द्या. तेव्हा जॉर्जची बायको मधुचंद्राचे 2000 डॉलर पुढे करते. मग रांगेतल्या एकेकाला विचारणं सुरू होतं, तुझं कितीत भागेल? कोणी वीस म्हणतं. एक बाई हळूच साडेसतरा मागते. संध्याकाळी सहाला दार बंद होतं तेव्हा दोन डॉलर उरलेले असतात.

स्वच्छ प्रिंटचे पैसे वसूल होतात ते इथे. त्या साडेसतरावाल्या बाईच्या चेहऱ्यावरचा संकोच फुकटच्या प्रिंटमध्ये दिसणारच नाही. जास्त मागितलं तर मागच्याला कमी पडेल, हे तिच्या डोळ्यांत आहे. असे डोळे मी काउंटरच्या आतून पाहिलेत. आमच्या संस्थेवर वेळ आली तेव्हा बायाबापड्या मुदत ठेवीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पहाटेपासून उभ्या होत्या. केळीचे पैसे ठेवलेला एक शेतकरी तर मुलीची लग्नपत्रिकाच घेऊन आला होता. आमचे अध्यक्ष त्या दिवशी गावातच नव्हते आणि दुपारी शटर खाली आलं. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ठेव विम्याचं कवच नाही, हे त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी कळलं. अमेरिकेतही हा विमा 1934 साली आला. सिनेमातला प्रसंग त्याच्या आधीचा, म्हणून ती धावपळ खरी वाटते.

कॅशियर म्हणून माझा जीव खरा गेला तो जॉर्जच्या काका बिलीमुळे. 8000 डॉलरचा भरणा घेऊन हा माणूस बँकेत जातो, गप्पांच्या भरात पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि ते वर्तमानपत्र पॉटरच्याच मांडीवर ठेवून येतो. आत्या ओरडली, "पैसा कोनी पेपरमा ठेवस का?" भरणा न्यायला दोन माणसं, हा नियम उगाच नाही. आणि पॉटर? तो ते पैसे गिळतो, वर जॉर्जलाच पकडून द्यायला निघतो, आणि शेवटपर्यंत त्याचं काही वाकडं होत नाही. पुष्कळांना हे खटकतं. मला हाच भाग सगळ्यात खरा वाटला. बुडालेली संस्था गुंडाळायला नेमलेल्या अवसायकाच्या कार्यालयात चकरा मारलेल्या कोणालाही विचारा.

रंगीत डिस्क दहा मिनिटं लावली आणि काढली. जत्रेतल्या स्टुडिओत हाताने रंगवलेल्या फोटोसारखे गाल सगळ्यांचे. खुद्द स्टुअर्टने या रंगवण्याला जाहीर विरोध केला होता, तो उगाच नव्हे. रात्रीचा पूल, काळं पाणी, पांढरं बर्फ: हे सगळं काळ्या-पांढऱ्यासाठीच टिपलेलं आहे.

बर्फावरून एक सांगायचंच राहिलं. हे शूटिंग 1946 च्या ऐन उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात झालं. त्याआधी हॉलिवूडमध्ये रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून पसरत. पाय पडला की ते कुरकुरत, त्यामुळे संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राला जागेवरचाच आवाज हवा होता. मग आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून ते पंख्याने उडवलं. आरकेओ स्टुडिओला त्यासाठी ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. सिनेमाला मात्र पाच नामांकनं असूनही एकही ऑस्कर नाही. मे महिन्यात भुसावळात राहिलेल्या माणसाला उन्हात जाड कोट घालून कुडकुडण्याच्या अभिनयाचं मोल वेगळं सांगायला नको.

लांबी 130 मिनिटं. सुरुवातीला आकाशातल्या चांदण्या बोलतात तो भाग बाळबोध आहे. देवदूताचं प्रकरण सुरू व्हायला फार वेळ लागतो, अशी तक्रार नातीने केली, तीही रास्तच. भरीत आणि कळण्याची भाकरी आधी उरकून घ्या, कारण शेवटची चाळीस मिनिटं उठवत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो हिंदी-मराठी सबटायटल्स नाहीत म्हणून आणि रंगीत डिस्कने जागा अडवली म्हणून. सिनेमावर माझी हरकत एकच, तीही खात्याच्या शिस्तीची: शेवटी अख्खं गाव टेबलावर पैसे ओततं, तपासायला आलेला बँक परीक्षकसुद्धा खिशातून नोटा काढून टाकतो, आणि पावती एकाचीही फाडली जात नाही.