बिअर: गोव्याची आणि महाराष्ट्राची

नावांच्या बाबतीत गोवा सरस. तिथल्या एका बिअरचं नाव 'एट फिंगर एडी'. साठच्या दशकात हणजूणला येऊन राहिलेल्या आठ बोटांच्या हिप्पीची ही आठवण. दुसरी 'सुसेगादो', नावातच गोव्याचा निवांतपणा. आपल्याकडच्या बिअर शॉपीत फ्रीज उघडला की समोर 'हेवर्ड्स ५०००', 'नॉक आउट', 'गॉडफादर'. सगळा भर कडकपणावर. गावाचा, माणसाचा मागमूस नाही.

कायद्यात मात्र मी महाराष्ट्राच्या बाजूने आहे, पण सगळ्याच बाबतीत नाही. गोव्यात वय २१ पूर्ण असलं की झालं. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. प्यायलाही परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असतं. बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षं. वर्धा, गडचिरोलीत पूर्ण बंदी. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. परवान्याची अट आता काढून टाकावी, कारण ती कुणी विचारत नाही.

मला मोलाचं वाटतं ते उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या बायकांनी मागणी लावून धरली की मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ज्यांच्या घरात दारूने वाट लावली, त्यांच्याच हातात शिक्का. हा हक्क कुठल्याही किमतीत टिकला पाहिजे.

आणि हो, गोव्याहून स्वस्तातल्या बाटल्या गाडीत घालून आणू नका. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी असते.