दुखऱ्या खांद्याने धनुष्य घडवताना : धामण की बांबू?

ठाण्यात राहून हाताने धनुष्य घडवणाऱ्याचा खांदा दुखावलेला असेल, तर धामणीच्या झाडाचा ओंडका घ्यावा की बांबू, हा प्रश्न केवळ आवडीचा उरत नाही. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचिक असून धनुष्यासाठी ते पूर्वापार नावाजलेले आहे. मात्र ठाण्यालगतचे येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने तिथली फांदीही तोडता येत नाही, आणि खासगी जमिनीवरचे झाड रीतसर परवानगीने मिळाले तरी खरे कष्ट पुढेच असतात. ओला ओंडका वजनाला भारी. तो पाचरी ठोकून लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभा फोडायचा, तडे जाऊ नयेत म्हणून टोकांना लगेच मेण लावायचे आणि मग वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासायचे. घणाचा प्रत्येक घाव थेट खांद्यात उतरतो. त्यानंतर लाकूड सावलीत महिनोन्महिने वाळत पडते, एवढाच काय तो विसावा.

बांबू वखारीत मिळतो, हलका असतो आणि कोयत्याने सहज उभा चिरतो. तीन वर्षांहून जून, जाड भिंतीचा बांबू निवडावा. त्याची बाहेरची कडक बाजू ताण सोसते, म्हणून ती धनुष्याच्या पाठीला, म्हणजे नेमबाजापासून दूर, राखावी आणि कानस आतूनच चालवावी. पट्टी शिकंज्यात आवळली की हे काम बसल्या बसल्या होते. कारागिरी म्हणून धामण मला अधिक प्रिय आहे, तरीही अशा खांद्याने मी बांबूच घेईन. तयार धनुष्य ओढून पाहण्याचे काम मात्र फिजिओथेरपिस्टचा होकार येईपर्यंत दुसऱ्याकडे सोपवावे.