ताई ची: नवशिक्यांना २४चा संच की ८चा?

ताई ची या संथ चिनी व्यायामप्रकारातला २४ हालचालींचा संच १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने त्यातल्याच यांग नावाच्या शैलीतून बांधला. पाच-सहा मिनिटांचा, डौलदार. पण सरकायला जागा लागते आणि क्रम पाठ होईपर्यंत महिने जातात. ८चा संच जवळपास जागच्या जागी होतो.

साठी ओलांडलेल्यांच्या वर्गात मी ८चाच घेते. क्रम आठवायची धडपड नसली की लक्ष पायांकडे जातं. वजन पूर्ण उजव्या पायावर गेलं की डावी टाच आपोआप हलकी होते. एका आजींना हे उमगलं तेव्हा त्या थांबून आपल्याच पायाकडे बघत राहिल्या. गुडघा मात्र पावलाच्या रेषेतच हवा, आत वळला की दुखणं ठरलेलं. एका पायावरची हालचाल खुर्चीची पाठ धरून करू द्या.

हे अंगवळणी पडल्यावर २४चा जरूर घ्या.